मोठा सेल, पेन्सिल सेल आणि टाइप-सी

मे संपत आला की दापोलीच्या बाजारात छत्री, प्लॅस्टिकचं कापड आणि बॅटरी या तीन वस्तूंची चौकशी वाढते. बॅटरी म्हणजे टॉर्च; तिच्यात घालायचे ते सेल. बाजारातल्या एका विजेच्या सामानाच्या दुकानात याच चौकशीवरून मामा-भाचीची जुंपली. मामा वर्षानुवर्षं गल्ल्यावर बसलेले, कुठल्या वाडीचं गिऱ्हाईक काय मागणार हे पायरी चढतानाच ओळखणारे. भाची चाकणच्या कारखान्यात गाड्यांच्या बॅटऱ्या तपासते, शनिवार-रविवारी सह्याद्रीतल्या कुठल्या तरी गडावर असते आणि आजोळी आली की दुकानात येऊन बसते. घाऊक व्यापाऱ्याला पाठवायची यादी मामांनी तिच्यापुढे सरकवली आणि तिथेच ठिणगी पडली.

"मोठे लाल सेल, दोन पेट्या? मामा, हे अजून खपतात?"

"खपतात म्हणजे? पहिला जोराचा पाऊस पडू दे. चढणीच्या माशांना आणि कुर्ल्यांना जाणारी पोरं रात्री शटर वाजवून उठवतात मला. त्यांना काय तुझं टाइप-सी देऊ?"

पहिल्या पुरात नदीतले मासे अंडी घालायला ओढ्यांतून वर चढतात, पार भातखाचरांपर्यंत. ते धरायची वेळ रात्रीची आणि धो धो पावसाची. हातातली बॅटरी चिखलात पडणार, ओढ्यात बुचकळणार, क्वचित वाहूनही जाणार. त्यामुळे मामांचा मुद्दा वरवर दिसतो तेवढा हटवादी नव्हता.

भाचीने पाठपिशवीतून स्वतःची टॉर्च काढली. मागचं झाकण फिरवलं, आतला सेल तळहातावर घेतला आणि खिळे तोलायच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवला. 46 ग्रॅम. मग रॅकवरचे दोन मोठे लाल सेल ठेवले. काटा दोनशेच्या जवळपास जाऊन थांबला.

"हा माझा सेल 18650. जाडी 18 मिलिमीटर, लांबी 65, शेवटचं शून्य म्हणजे आकार नळकांडीसारखा. लॅपटॉपात हेच असायचे. टेस्लाच्या पहिल्या रोडस्टर गाडीत असे 6,831 सेल होते. 3.6 व्होल्ट गुणिले 3.4 अँपिअर-तास, म्हणजे साधारण 12 वॉट-तास वीज या 46 ग्रॅममध्ये मावते. चांगल्या एलईडीला 100 ल्युमेन उजेड द्यायला अंदाजे एक वॉट लागतो. म्हणजे गडावर अख्खी रात्र चालशील तरी पुरेल. तुझ्या लाल सेलांना चारपट वजन घेऊनही एवढा भार झेपत नाही."

"गडावर जाणारे माझ्याकडे किती येतात? वाडीतला माणूस बॅटरी पेटवतो, गोठ्यात जातो, विझवतो. रात्रीत दहा मिनिटं. एलईडी आल्यापासून दोन लाल सेल त्याला महिनोन्‌महिने जातात. जुन्या बल्बच्या वेळी आठवड्याला सेल लागायचे, तेव्हा माझा धंदा होता!"

हे भाचीला मान्य करावंच लागलं. जस्त-कार्बनचा सेल, म्हणजे हा लाल सेल, मोठा भार पडला की चटकन दमतो. पण थोडा थोडा वापरून मध्ये विश्रांती दिली तर बरीचशी उभारी धरतो. ज्या बल्बला पोसायला एवढा जाड सेल लागे, तो बल्ब मिळालेली बहुतेक वीज उष्णतेत घालवत असे. एलईडीने ती उधळपट्टी थांबवली, आणि ज्याला आता निवृत्त करायला हवं असं भाचीला वाटत होतं त्याच सेलचं आयुष्य वाढलं.

"बरं, तुझा तो सेल संपला की काय करायचं?" मामांनी विचारलं.

"चार्ज करायचा."

"कशावर?"

या एका शब्दामागे 2020 सालचा जून होता. 3 तारखेच्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीच्या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या बागा झोपवल्या, घरांवरचे पत्रे आणि कौलं उडवली, विजेचे खांब ओळीने पाडले. वरून करोनाची टाळेबंदी. आतल्या वाड्यांमध्ये वीज परत यायला आठवडे लागले.

"दोन दिवसांत चार्जिंगच्या सगळ्या बॅटऱ्या मेल्या," मामा सांगत होते. "मोबाइल तर त्याच्या आधीच गेलेले. तिसऱ्या दिवसापासून माणसं पडलेल्या माडांवरून चालत सेल मागायला यायला लागली. माझ्याकडचे संपले तेव्हा वाडीवाडीतल्या किराणा दुकानांत साबणाशेजारी लटकलेले सेल होते, त्यांनी दिवस काढले. तुझा तो 18650 कुठल्या किराणा दुकानात मिळतो, सांग."

कुठल्याच नाही. खेड्यापर्यंत पोचण्याची लाल सेलची ही ताकद त्याच्या रसायनात नाही, ती वितरणात आहे. एव्हरेडीचा सेल भारतात 1905 पासून विकला जातो. पुढे ती कंपनी युनियन कार्बाइड इंडिया झाली, 1984 साली भोपाळमध्ये ते नाव काळवंडलं, 1994 मध्ये मालकी बदलली. या सगळ्या उलथापालथीत सेलवरचं, नऊच्या आकड्यातून उडी मारणारं मांजर मात्र वाडीवरच्या दुकानात येतच राहिलं. टॉर्चच्या खोक्यावर ल्युमेन छापलेले असतात, मीटर छापलेले असतात. सेल संपल्यावर दुसरा किती कोसांवर मिळेल हे कुणी छापत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते खरेदीचा पहिला प्रश्न हाच हवा.

भाची मात्र गप्प बसणारी नव्हती. "दहा हजार मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक घरोघरी आहे आता. तिच्यात 37 वॉट-तास असतात. थोडी गळती धरली तरी माझा सेल दोनदा भरतो. आणि वादळात 100 ल्युमेन कशाला हवेत? घरात वावरायला 20 पुरतात. तेवढ्यावर एका भरणीत 40 तासांच्या वर उजेड."

"आणि त्या पॉवर बँकेवर आधी मुंबईतल्या पोराला फोन लावायचा मोबाइल भरतील की तुझी बॅटरी?"

"मग छोटं सोलर पॅनेल."

"जूनमध्ये? कोकणात?" मामा मनापासून हसले.

हा डाव मामांचा. पण पुढच्या डावात त्यांच्याच दुरुस्तीच्या खणाने त्यांना अडचणीत आणलं. भाचीने खण ओढला तर आत गिऱ्हाइकांनी ठेवून गेलेल्या टॉर्चची रास. तिने एक उचलून झाकण फिरवायचा प्रयत्न केला, फिरेना. पकडीने फिरवलं तेव्हा करकर आवाज होऊन सुटलं. आत तपकिरी चिकट राळ, तिच्यात रुतलेला सेल, स्प्रिंग हिरवी पडून अर्धी झडलेली. सेलचं बूड बोटाने दाबलं तर ओल्या पुठ्ठ्यागत खचलं.

"हे बघ तुझे भरवशाचे सेल. गेल्या पावसाळ्यात घालून विसरले असणार."

यात विसरणाऱ्याचा दोष थोडा आणि सेलच्या रचनेचा जास्त. फ्रेंच अभियंता जॉर्ज लेक्लांशे याने 1866 मध्ये जस्त आणि मँगनीज डायऑक्साइडचा सेल केला, त्यात द्रावण काचेच्या बरणीत असे. 1886 मध्ये जर्मनीच्या कार्ल गासनरने ते दाट करून जस्ताच्या डबीत बंद केलं आणि कोरडा सेल जन्मला. त्यानंतर तेरा वर्षांतच, 1899 साली, डेव्हिड मिझेलला हातात धरायच्या विजेच्या दिव्याचं अमेरिकेत पेटंट मिळालं. गासनरची युक्ती नामी, पण तिच्यात एक मेख आहे: सेलची डबी तीच त्याचं सरपण. वीज देता देता जस्त झिजत जातं, डबीला भोकं पडतात आणि आतला क्षार बाहेर येतो. टॉर्च बंद असली तरी ही झीज पूर्ण थांबत नाही, आणि कोकणातल्या दमट हवेत स्प्रिंगला गंजायला निमित्तच हवं असतं.

"मग अल्कलाइन घे," मामा म्हणाले. "महाग आहेत, पण ठेवतो मी."

"ते पण गळतात, मामा. त्यांच्यातून पोटॅशियम हायड्रॉक्साइड येतं, हवेत त्याची पांढरी बुरशीसारखी भुकटी होते. हाताला लागली तर चुरचुरते. लिंबाच्या रसाचा किंवा व्हिनेगरचा बोळा फिरवला तर निघते, पण पत्रा खाल्लेला परत येत नाही."

अल्कलाइन सेल टिकाऊ खराच. कपाटात ठेवलेला पाकीटबंद सेल आठ-दहा वर्षं धरतो. रोजच्या प्रखर टॉर्चमध्ये मात्र तो पैसे खातो. अँपिअरभर प्रवाह मागितला की खोक्यावरच्या आकड्याच्या निम्मीही वीज धडपणे देत नाही. लोक म्हणतात सेल नकली निघाला. बहुधा सेल अस्सल असतो, मागणी त्याच्या कुवतीबाहेरची असते.

आतापर्यंत दोघं दोन टोकांना होती. मग भाचीने हळूच मधला रस्ता काढला: पेन्सिल सेलवर चालणारी टॉर्च, आणि तिच्यात निकेल-मेटल हायड्राइडचे चार्ज होणारे सेल.

"हे तर कॅमेऱ्यासाठी घ्यायचे लोक," मामा म्हणाले. "महिनाभर पडले की आपोआप उतरायचे. आणि दीड व्होल्टही नसतात. सव्वाच."

"जुने उतरायचे. सान्योने 2005 मध्ये एनेलूप काढले, तेव्हापासून हे बदललं. वर्षभर पडून राहिले तरी तीन चतुर्थांशाच्या वर वीज शिल्लक राहते. आता बऱ्याच कंपन्यांचे तसे मिळतात. आणि 1.2 व्होल्टचं म्हणशील, तर तुझा अल्कलाइन सेल दीडवर सुरू होतो खरा, पण भार पडला की बघता बघता 1.2 वर येतो आणि घसरत राहतो. हा शेवटपर्यंत 1.2 च्या आसपास ठाम. मुख्य म्हणजे वीज गेली, वादळ आलं, चार्जर निकामी झाला, तर त्याच टॉर्चमध्ये साबणाशेजारचे पेन्सिल सेल घाल. किराणा दुकान तुझं, चार्जर माझा."

मामा यावर थोडा वेळ बोलले नाहीत. मग दुकानदार जागा झाला: चांगल्या चार्जरसकट चार सेल म्हटले तर सामान्य गिऱ्हाईक किंमत ऐकून पायरी उतरतं. शिवाय घरातली माणसं जुना-नवा, चार्जिंगचा-साधा असे सेल मिसळतात. हा दुसरा आक्षेप किमतीपेक्षा वजनदार आहे. एकामागे एक लावलेल्या सेलांत एक आधी रिता झाला की उरलेले त्याच्यातून जबरदस्तीने प्रवाह ढकलतात. रिता सेल उलटा भारला जातो आणि गळतो. चार्जिंगचे सेल वाचवायचे तर त्यांच्या जोड्यांवर मार्करने अ-अ, ब-ब लिहून ठेवावं आणि जोडी मोडू नये. एवढी शिस्त ज्या घरात नाही, तिथे एकाच पेन्सिल सेलवर चालणारी टॉर्च द्यावी. जोडीच नाही, तर ती मोडणार कशी? पांढऱ्या एलईडीला तीनेक व्होल्ट लागतात. अशा टॉर्चमध्ये व्होल्टेज वाढवणारं चिमुकलं सर्किट असतं.

मामांनी आता वेगळी बाजू मांडली. "लाल सेल सांगून मरतो. उजेड पिवळा पडायला लागला की माणूस समजतो, घराकडे वळतो. तुझी ती लिथियमवाली भपकन विझते. ओढ्यात उभा असताना विझली तर?"

लिथियम-आयन सेल व्होल्टेज बराच वेळ टिकवून धरतो आणि शेवटी कड्यावरून उतरल्यासारखा घसरतो, त्यात टॉर्चमधलं सर्किट उजेड एकसारखा ठेवत असतं. त्यामुळे सावधगिरीची घंटा वाजली नाही तर अंधार अचानक येतो, हे खरं. बऱ्या टॉर्च आधी उजेड पायरीपायरीने कमी करतात किंवा बटणातला लाल दिवा लुकलुकवतात. स्वस्त टॉर्च तेही करत नाहीत. पण उतरत्या उजेडाचीही एक लबाडी आहे, आणि ती खोक्यावर लपलेली असते. 2009 पासून टॉर्चच्या मोजमापासाठी एएनएसआयचं एफएल-1 हे मानक वापरतात. त्यात सेल किती तास चालला हे उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंत मोजतात. 500 ल्युमेनची टॉर्च पहिल्या काही मिनिटांत पार उतरून पुढे कित्येक तास 60 वर रेंगाळली, तरी ते सगळे तास खोक्यावर दिमाखात छापता येतात. मीटरचंही तसंच: उजेड पौर्णिमेच्या चांदण्याएवढा क्षीण होतो ते अंतर. तिथे उभा असलेला रानडुक्कर दिसेलच अशी हमी त्यात नाही.

एका बाबतीत मात्र दोघांचं एकमत होतं. भिंतीच्या सॉकेटमध्ये थेट खुपसायच्या, घडीच्या पिनांच्या टॉर्च. त्यांतल्या पुष्कळांत 4 व्होल्टचा शिसे-आम्लाचा छोटा ठोकळा असतो. हा ठोकळा रिता करून तसाच ठेवला की शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे खडे धरतात आणि मग कितीही चार्ज करा, पाच मिनिटांत मान टाकतो. चार महिने कपाटात राहणारी वस्तू म्हणून याहून वाईट निवड शोधून सापडणार नाही.

"मग ठेवतोस कशाला?"

"सगळ्यात जास्त त्याच खपतात म्हणून. वायर नको, सेल नको, भिंतीत घाल आणि विसर. दरवर्षी नवी घेतात."

टाइप-सी असलेल्या नव्या टॉर्चमध्ये लिथियमचा सेल असतो, तेवढी सुधारणा. पण त्यातल्या बहुतेकांचं पोट डिंक लावून बंद केलेलं. भाचीचा सगळ्यात जास्त राग यांच्यावरच. तीन-चार वर्षांत सेल थकला की धडधाकट टॉर्च कचऱ्यात. तिची अट साधी होती: टाइप-सी असू दे, पण मागचं झाकण उघडून सेल बदलता आला पाहिजे, आणि तो सेल प्रमाणित मापाचा हवा, कंपनीने स्वतःपुरता घडवलेला नको.

मामांनी खालच्या फळीवरून एक पाकीट काढलं. "हा बघ, तुझाच 18650. मुंबईच्या व्यापाऱ्याने नमुना दिलाय. वर 9900 लिहिलंय. तुझ्यावर फक्त 3400."

भाचीने काही न बोलता तो काट्यावर ठेवला. 31 ग्रॅम.

या मापाच्या बाजारातल्या बहुतेक अस्सल सेलची कुवत साडेतीन हजार मिलिअँपिअर-तासांच्या आसपास संपते. 9900 हा आकडा फक्त वेष्टनावर शक्य आहे. वजन चाळिशीच्या बरंच खाली असेल तर आत कमी कुवतीचा, हलका माल निघण्याचीच शक्यता मोठी. लाल सेल खोटा निघाला तर उजेड कमी पडतो. लिथियमचा सेल खोटा निघाला, त्यात संरक्षक सर्किट नसलं आणि चार्जरही तसलाच असला, तर घरात आग लागू शकते. मामांची लिथियमबद्दलची धास्ती भाचीला इथे प्रथमच रास्त वाटली असावी, कारण ते पाकीट परत पाठवायचं दोघांनी एका दमात ठरवलं.

तेवढ्यात हर्णैचे एक नाखवा आले. 1 जूनपासून मासेमारी बंद, होड्या ओढून शाकारायचं काम चालू, त्यासाठी दोरी आणि वायर हवी होती. मामांनी सवयीने सहा मोठे सेल काढून समोर ठेवले.

"ते नकोत," नाखवा म्हणाले. "खाऱ्या हवेत महिन्यात गंजतात. बोटीवर इंजिन चालू असतं, मोबाइल चार्ज करायची सोय आहे. चार-चार दिवस बाहेर असतो, तिथे कुठलं आलंय दुकान? चार्जिंगची दाखवा. पण पोट बंद असलेली नको, मागच्या साली तसली एक घेऊन फसलो."

मामांनी भाचीकडे पाहिलं. इतका वेळ त्यांनी विजेपासून लांब असणाऱ्या माणसाला एकच औषध सांगितलं होतं, आणि इथे विजेच्या तारांपासून सगळ्यात लांब जाणारा माणूस नेमकं उलटं मागत होता. त्याच्यापाशी वीज होती, दुकान नव्हतं. वादळातल्या वाडीत किराणा दुकान होतं, वीज नव्हती.

भाचीने आपली टॉर्च नाखवांच्या हातात दिली आणि बारीकसारीक सांगायला लागली. ऑगस्टपर्यंत पडून राहणार असेल तर सेल पूर्ण भरून ठेवू नका, निम्माच ठेवा. भरलेला लिथियम सेल उकाड्यात लवकर म्हातारा होतो. पार रिकामाही नको. झाकण पाव आटा सैल करून ठेवा, म्हणजे बटणातलं सर्किट थेंबथेंब वीज पिणार नाही आणि पेटीत चुकून पेटणारही नाही. जास्तीचा सेल खिशात नाण्यांबरोबर टाकू नका, प्लॅस्टिकच्या डबीत ठेवा. टाइप-सीचं रबरी बूच ओलं असताना चार्जिंगला लावू नका.

"पोरगा दुबईला जहाजावर चढायला जातो. त्याला एक दिली तर विमानात नेऊ देतील?"

"सुटे लिथियम सेल हातातल्या बॅगेत ठेवायला सांगा, सामानात टाकलेले चालत नाहीत. लाल सेलांना ती कटकट नाही." शेवटचं वाक्य तिने मामांकडे बघून म्हटलं.

नाखवांनी टॉर्च उलटसुलट केली, बटण दाबून समोरच्या छपराच्या वाशांवर झोत टाकला. "पाण्यात पडली तर?"

"आयपीएक्स-8 आहे. पाण्याखाली गेली तरी आत पाणी जाणार नाही. पण तरंगणार नाही, बुडेल."

"जाळ्याचा बोया बांधू तिला," नाखवा म्हणाले. "तुम्ही सेल तेवढे दोन जास्तीचे मागवा. 46 ग्रॅमवाले."